निळं ऑर्किड घ्यायच्या आधी त्याचा दांडा बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमचा पेपर आमच्या घरी माझ्या लग्नाच्या आधीपासून येतो, पण पत्र मी पहिल्यांदाच लिहितेय. कारण असं झालं की मागच्या रविवारी आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी जिन्यात भेटली, हातात कुंडी. नुकतीच बँकेत लागलीय, पहिला पगार झाला म्हणून आईला साडी घेतली आणि स्वतःसाठी हे ऑर्किड, निळं, एकदम शाईसारखं निळंशार, नऊ फुलं एका दांड्यावर. सोळाशे रुपयाला. "काकू, लई रेअर कलर आहे म्हणे, दोनच उरले होते त्यांच्याकडं" असं म्हणाली आणि तिचा चेहरा इतका खुललेला होता की मला काही बोलवलंच नाही. छान आहे गं म्हणलं आणि घरात आले. रात्री झोप लागेना. म्हणून हे लिहायला बसले, कारण तिला जे जिन्यात सांगता आलं नाही ते सगळ्यांनाच सांगायला पाहिजे असं वाटलं.

साहेब, तो रंग त्या फुलाचा नाही. तो पांढऱ्या फुलात भरलेला रंग आहे.

मला हे कसं माहीत, तर २०१९ साली मी असंच एक घेतलं होतं. पुण्याला लेकाकडं गेले होते तिथं एका दुकानात दिसलं आणि नजर हलेना. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, रिटायर होऊन वर्ष झालं होतं, हातात वेळ होता, आणि निळं फूल मला लहानपणापासून आवडतं, गोकर्ण असो का अबोलीशेजारी लावलेली निळी कोरांटी असो. ऑर्किड निळं असतं हेच मला नवीन होतं. मांडीवर घेऊन रात्रीच्या बसनं लातूरला आणलं. अडीच महिने फुलं टिकली, येणारा-जाणारा बघत होता, फोटो काढत होता. मग एकेक गळाली, मी झाड जपलं, उन्हाळ्यात जीव लावून जगवलं, आणि पुढच्या डिसेंबरात पानाच्या बगलेतनं नवा दांडा आला. रोज सकाळी उठून आधी तो बघायचे. जानेवारीच्या शेवटी पहिली कळी उमलली. पांढरी. दुसरीही पांढरी, तिसरीही. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, पाणी चुकलं, खत चुकलं, लातूरच्या हवेत रंग उतरला. दुकानात फोन केला तर तेही तेच म्हणाले, मॅडम तुमच्याकडची हवा कोरडी आहे म्हणून. ह्याचा मला आजही राग आहे, कारण ते खोटं होतं आणि सांगणाऱ्याला माहीत होतं.

शाळेत सातवी-आठवीच्या वर्गाला आम्ही एक प्रयोग दाखवायचो, तेरड्याची फांदी लाल शाईच्या पाण्यात ठेवायची आणि तासाभरात देठातनं लाल रेषा चढताना लेकरांना दाखवायच्या. गणपतीत बाजारात हिरवी-निळी शेवंती मिळते तीही पांढऱ्या शेवंतीला रंगाचं पाणी पाजूनच केलेली असते, तिथं ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि दहा-वीस रुपयाचा प्रश्न असतो. ऑर्किडमध्ये हेच करतात, फक्त झाड जिवंत असतं. फॅलेनॉप्सिस नावाची जी जात आपल्याकडं कुंडीत मिळते, रुंद जाड पानं आणि फुलपाखरासारखी फुलं, तिच्या पांढऱ्या फुलाच्या दांड्याला कळ्या लहान असताना बारीक भोक पाडतात, त्यातनं रंग सोडतात आणि भोक मेणानं बंद करतात. रंग पाण्याबरोबर वर चढतो आणि पाकळ्यांत उतरतो. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका कंपनीनं २०११ साली अशी निळी फॅलेनॉप्सिस बाजारात आणली, तिथल्या बातम्यांत नवी फुलं पांढरी येतील हे उघड सांगितलेलं होतं. आपल्याकडं येईपर्यंत ते वाक्य गळालं आणि "रेअर" एवढाच शब्द राहिला.

ओळखायचं कसं ते सांगते. फुलाचा दांडा खालून वर बोटानं चाचपत जा, कुठंतरी एक टोचल्याचा डाग लागतो, कधी त्यावर मेणाचा थेंब असतो, डागाच्या आसपास देठ काळपट-निळा पडलेला असतो. पाकळ्यांच्या शिरा बाकीच्या पाकळीपेक्षा गडद दिसतात. आणि सगळ्या फुलांचा रंग कपड्याला घालायच्या निळीसारखा सपाट, एकसारखा असतो. हिरवी आणि भडक जांभळी फॅलेनॉप्सिससुद्धा अशी रंगवून मिळते पण जांभळा, गुलाबी रंग तिला स्वतःचाही असतो, म्हणून तिथं दांडा बघितल्याशिवाय बोलू नका. निळ्याच्या बाबतीत मात्र स्टॉलवरचं गडद निळं फॅलेनॉप्सिस म्हणजे रंगवलेलंच धरून चाला.

का, तर ह्या जातीच्या फुलात निळा रंग बनवायचं यंत्रच नाही. बहुतेक निळ्या फुलांत डेल्फिनिडिन नावाचं रंगद्रव्य असतं, ते बनवायला एक विकर, म्हणजे एन्झाईम लागतं, आणि ह्या झाडाच्या फुलात ते काम होत नाही. जपानमध्ये चिबा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी ते विकर बनवणारं जनुक दुसऱ्या वनस्पतीतनं आणून घातलं आणि २०१३ च्या सुमारास खरंखुरं निळसर फॅलेनॉप्सिस लोकांना दाखवलं. आता ते जनुक कुठनं घेतलं ते ऐका, केना नावाच्या तणाच्या भावकीतल्या एका झाडातनं! आपल्या सोयाबीनमध्ये पावसाळ्यात जो केना माजतो, खुरपून खुरपून बाया थकतात, ज्याचं ते इवलंसं निळं फूल दुपारपर्यंत मिटून जातं, त्याचाच तो जपानी नातेवाईक. हे वाचलं त्या दिवशी मी शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये जाऊन केन्याचं एक फूल तोडून आणलं आणि भिंगाखाली बराच वेळ बघत बसले. असं जनुक बदललेलं झाड आपल्या देशात परवानगीशिवाय विकता येत नाही, बीटी कापसाचं सगळं आपल्या शेतकऱ्यांना माहीतच आहे, तेव्हा रस्त्यावरच्या स्टॉलवर ते असायचा प्रश्नच नाही.

म्हणजे निळं ऑर्किड जगात नाहीच का? आहे, आणि ते आपल्याच देशात आहे. व्हँडा सेरुलिया, निळी व्हँडा. मेघालयाच्या खासी टेकड्यांत, ईशान्येकडच्या बाकीच्या राज्यांत झाडांच्या फांद्यांवर वाढते. १८३७ साली विल्यम ग्रिफिथ ह्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाला ती खासी टेकड्यांत दिसली. तिची निळाई सपाट नसते, फिकट निळ्या-जांभळ्या पाकळीवर गडद चौकटी-चौकटीची जाळी असते, इरकलीच्या बारीक चौकड्यासारखी. तिची बातमी इंग्लंडात गेली आणि श्रीमंत लोक वेडे झाले. जोसेफ हूकर हा फार मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ, १८५० मध्ये तिथं गेला तेव्हा त्यानं लंडनच्या क्यू बागेसाठी सात माणसांची ओझी भरून ही झाडं काढली, आणि स्वतःच लिहून ठेवलंय की त्यातली थोडीच जिवंत पोचली. सात माणसांची ओझी! एवढा जाणता माणूस असं करतो तर पैशासाठी आलेल्यांनी काय केलं असेल. झाडं काढता काढता कित्येक ठिकाणी ती दिसेनाशी झाली. आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टात निळी व्हँडा नावानिशी आहे, तांबडी व्हँडा आहे, लेडीज स्लिपर आहे, त्या जंगलातनं उपटून विकणं गुन्हा आहे.

बाजारात निळसर व्हँडा मिळते ती बहुतेक वेळा हिची संकरित नात किंवा पणती असते, नर्सरीत वाढवलेली, ती घ्यायला काही हरकत नाही. १९३१ साली नोंदवलेला रॉथशिल्डियाना हा तिचा नावाजलेला संकर. महाग असते, पण तिचा रंग तिचा असतो आणि दरवेळी तसाच येतो.

आता बियांचं. ऑनलाईन "निळ्या ऑर्किडच्या १०० बिया १९९ रुपये" अशा जाहिराती माझ्या मोबाईलवर रोज येतात, आमच्या भिशीतल्या दोघींनी मागवल्याही होत्या. पाकिटात मोहरीएवढ्या काळ्या बिया. एकीच्या कुंडीत काहीच उगवलं नाही, दुसरीच्या कुंडीत राजगिऱ्यासारखं काहीतरी आलं. ऑर्किडचं बी मोहरीएवढं कधीच नसतं. ते पिठाच्या धुळीसारखं असतं, एका शेंगेत लाखो, फुंकर मारली की गेलं. त्या बियात कोंबाला पोसायला अन्नच नसतं, जंगलात एक ठराविक बुरशी येऊन त्याला भरवते तेव्हा ते रुजतं. लुईस नडसन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९२२ मध्ये दाखवलं की बुरशीशिवायसुद्धा साखर घातलेल्या अगार नावाच्या जेलीवर बाटलीत ते रुजवता येतं, तेव्हापासून प्रयोगशाळेत हे चालतं. तरी बी ते फूल व्हायला तीन-चार वर्षं सहज जातात, कधी जास्तच. कुंडीतल्या मातीत पेरून ऑर्किड येत नाही, निळं तर नाहीच नाही. ज्यांचे १९९ रुपये गेले त्या दोघीही बोलल्या नाहीत कुणाला, लाजल्या. लाजायचं काय त्यात, लाजावं विकणाऱ्यानं.

काळ्या ऑर्किडचंही असंच वेड बघते मी. त्यातलं सगळं खोटं नसतं, फ्रेडक्लार्किआरा आफ्टर डार्क म्हणून एक संकर आहे तो खरोखर काळा दिसतो, पण उन्हात धरला की कळतं गडद जांभळ्या वांग्याचा रंग आहे. विकणाऱ्यानं हे सांगितलं तर मला काही अडचण नाही.

एवढं वाचून कुणी म्हणेल की बाई, मराठवाड्यात प्यायला पाणी नाही आणि तुम्हाला ऑर्किड सुचतं. हे मला तोंडावर ऐकवलेलं आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा मी इथंच होते, टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी राहिले आहे, पाण्याची किंमत मला कुणी शिकवू नये. पण ऑर्किड हे पाणी पिणारं झाडच नाही. गुलाबाला, जास्वंदीला उन्हाळ्यात रोज तांब्याभर लागतं, ह्याला आठवड्यातनं एकदा बादलीत कुंडी दहा-पंधरा मिनिटं बुडवून काढायची, उरलेलं पाणी तुळशीला, कढीपत्त्याला. कुंडीत माती नसते, कोळशाचे तुकडे, विटेचे खडे, झाडाची साल, नारळाच्या शेंड्या. मी आमच्या कुंभाराकडून चारी बाजूंनी भोकं पाडलेल्या मातीच्या कुंड्या करून घेतल्या, त्याला आधी हसू आलं, म्हणाला बाई ह्यात पाणी कसं राहील. राहू नये म्हणूनच तर भोकं.

अडचण पाण्याची आहे ती अशी की आपलं बोअरचं पाणी जड. पहिल्या वर्षी माझ्या कुंड्यांवर पांढरा थर बसला आणि मुळांची टोकं तपकिरी होऊन गेली. आता मी पावसाचं पाणी गच्चीवरनं पत्र्याच्या पन्हाळीतनं धरते, दोन ड्रम भरून झाकून ठेवते, ते उन्हाळ्यापर्यंत पुरवते. ज्यांच्याकडं एसी आहे त्यांच्या एसीच्या नळीतनं गळणारं पाणीसुद्धा चालतं, त्यात क्षार नसतात. मुळं बघायला शिका, तीच सगळं सांगतात. त्यांच्यावर स्पंजसारखं एक आवरण असतं, कोरडं झालं की चांदीसारखं दिसतं, पाणी मिळालं की दोन मिनिटात हिरवं होतं. चांदीसारखं दिसल्याशिवाय पाणी द्यायचं नाही. आपल्याकडं ऑर्किड उन्हानं जितकी मरतात त्याच्यापेक्षा जास्त मायेनं रोज पाणी घालून मरतात, आणि पानांच्या मधल्या खळग्यात रात्रभर पाणी साचून गाभा कुजून मरतात. पाणी सकाळीच द्या.

मे महिना मात्र परीक्षा आहे. बेचाळीस अंश आणि हवेत ओल नावाला नाही. मी कुंड्या पूर्वेच्या खिडकीतनं काढून आतल्या खोलीत नेते, परातीत खडे आणि पाणी ठेवून त्या खड्यांवर, पाण्याला कुंडी टेकू द्यायची नाही. वाळ्याचा कूलर त्याच खोलीत चालू असतो पण वारा थेट झाडावर येईल असा नाही. त्या दिवसांत पाणी दर दोन-तीन दिवसांनी. जून लागला की झाडं अशी तरतरीत होतात की बघत राहावं. आणि एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, लातूर उंचावर आहे, नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री गार होतात आणि फॅलेनॉप्सिसला फुलाचा दांडा यायला तीच गार रात्र लागते. फक्त कडाक्याच्या थंडीत उघड्या खिडकीत नको.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी डेंड्रोबियम घ्यावं, लग्नाच्या बुकेत जांभळं-पांढरं ऑर्किड असतं ना, सोनिया म्हणतात त्याला, तेच. ते आपला उन्हाळा जास्त चांगला सोसतं.

आणखी एक सांगायचंय, हे माझ्या मनात फार दिवस आहे. माझं माहेर किनवट तालुक्यातलं. विहिरीजवळ एक जुना आंबा होता, त्याच्या खोडावर जाड दोरीसारखी पांढरट मुळं लोंबायची आणि मधे लांबट, अरुंद, कडक पानांची दोन रांगांतली झुडपं. घरात सगळे त्याला बांडगूळ म्हणायचे. मोहराच्या आधी सालगडी वर चढायचा आणि कोयत्यानं ते सगळं छाटून खाली टाकायचा, झाडाचं रक्त पितंय म्हणून. छाटायचं राहिलेलं एखादं उन्हाळ्याच्या शेवटाला फुलायचं. पिवळट-तपकिरी जाळीदार पाकळ्या आणि मधे जिभेसारखी एक पाकळी निळ्या-जांभळ्या रंगाची, आणि वास असा गोड की विहिरीवर पाणी ओढताना यायचा. पन्नास वर्षांनी, त्या रंगवलेल्या झाडाच्या नादानं मी वाचायला लागले तेव्हा फोटो समोर आला आणि मी ओळखलं. व्हँडा टेसेलाटा. आपल्या दख्खनच्या कोरड्या मुलखात वाढणारं आमरी कुळातलं झाड, काही भागात रास्ना म्हणून औषधात वापरतात. आणि व्हँडा हे अख्ख्या जगानं घेतलेलं नाव संस्कृतातल्या वन्दाकावरनं आलेलं, झाडावर वाढणारं झाड असा त्याचा अर्थ, ते नाव ह्याच जातीवरनं पडलं.

बांडगूळ वेगळं. ते फांदीत घुसतं, जिथं घुसतं तिथं फांदीला गाठ येते आणि ते झाडाचा रस ओढतं, ते काढलंच पाहिजे. हे नुसतं सालीला धरून असतं, हवेतली ओल आणि सालीवरची धूळ-पालापाचोळा ह्यावर जगतं, आंब्याचं काही घेत नाही. फरक ओळखायला सोपा आहे, लोंबणारी पांढरट मुळं दिसली तर कोयता खाली ठेवा. ज्यांच्या शेतात, बांधावर जुने आंबे, मोह आहेत त्यांनी एकदा वर बघावं एवढीच विनंती आहे. आणि सापडलं तर उपटून घरी आणू नका, कुंडीत ते बहुधा जगत नाही आणि झाडावर ते कित्येक वर्षं जगेल. माहेरचा तो आंबा आता नाही, विहीरही बुजली.

संपादक साहेब, तुमच्या पेपरात रविवारी बागकामाचं अर्धं पान असतं, त्यात मागं कधीतरी निळ्या ऑर्किडचा फोटो "दुर्मिळ" म्हणून छापला होता. तेव्हाच लिहायला पाहिजे होतं मी. कृपा करून एकदा त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, रंगवलेलं ऑर्किड कसं ओळखायचं हे छापा. रंगवून विकू नका असं माझं म्हणणं नाही, ज्याला आवडतं त्यानं घ्यावं, पण कुंडीवर चिठ्ठी लावा की रंग भरलेला आहे आणि पुढची फुलं पांढरी येतील. आणि परभणीच्या कृषी विद्यापीठानं आपल्या हवेत टिकणाऱ्या ऑर्किडचं एखादं दिवसभराचं शिबिर घेतलं तर माझ्यासारख्या कितीतरी बाया स्वतःच्या खर्चानं येतील, रोपं मिळाली तर विकतही घेतील. सिक्कीममध्ये पाक्योंगला ऑर्किडचं राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९६ पासून आहे, माहिती तिथनं मागवता येईल.

पत्र इथवर लिहून झालं आणि काल संध्याकाळी ती मुलगीच खाली आली, एक फूल गळालं म्हणून घाबरून. मग मी सांगितलं सगळं. तिचं बोट धरून दांड्यावरनं फिरवलं, खालनं तिसऱ्या पेराजवळ मेणाचा टिपका लागला. थोडा वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, काकू तुमचं ते पांढरं अजून आहे का. खिडकीत नेऊन दाखवलं, यंदा त्याला दोन दांडे आलेत, एकावर अकरा कळ्या. तिची खोली गच्चीखालची आहे, मेमध्ये तिथं भट्टी होते, तर उन्हाळाभर तिची कुंडी माझ्याकडं ठेवायची असं ठरलंय. मुळं चांगली आहेत तिच्या झाडाची, एका मुळाला हिरवं टोक फुटलंय.

कळावे,
आपली एक वाचक,
निवृत्त शिक्षिका, लातूर